जुनं शॉपस्मिथ घेताना: १०ईआर की मार्क ५?

प्रश्न असा आहे. मिशिगनमध्ये राहणाऱ्या एका वाचकाला एका इस्टेट सेलमध्ये (घरातलं सामान विकण्याच्या सेलमध्ये) दोन जुनी शॉपस्मिथ मशिनं दिसली, म्हणजे एकाच मोटारीवर सुतारकामाची अनेक कामं करणारी यंत्रं. एक १०ईआर: किंमत दीडशे डॉलर, नळ्यांवर गंज, मोटार चालू, करवतीचं गार्ड गायब. दुसरं पन्नासच्या दशकातलं हिरवट रंगाचं मार्क ५: किंमत चारशे डॉलर, चालतं, पण सुरू केलं की आरडाओरडा करतं. दोन-तीन वर्षांत त्यांना नाशिकला परतायचं आहे आणि मशीन बरोबर न्यायचं आहे. यातलं कोणतं घ्यावं, पुन्हा कामाचं कसं करावं आणि नाशिकच्या विजेवर ते चालेल का, हे त्यांना हवं आहे.

तुम्ही १०ईआर घ्या. ते स्वस्त आहे म्हणून मी हे सांगत नाही. दोन्ही मशिनांमधला खरा फरक मोटारीत आहे. १०ईआरची मोटार हेडस्टॉकच्या, म्हणजे स्पिंडल (फिरणारा दांडा) धरणाऱ्या मुख्य भागाच्या, बाहेर वेगळी बसते आणि एका व्ही-बेल्टने स्पिंडल फिरवते. मोटार बदलायची झाली तर चार बोल्ट आणि एक पुली एवढंच काम. मार्क ५ ची मोटार हेडस्टॉकच्या पोटात असते, आणि तिच्या शाफ्टवरच वेग बदलणाऱ्या यंत्रणेचा अर्धा भाग चढवलेला असतो. अमेरिकेतच राहणार असता तर मी डोळे मिटून मार्क ५ सांगितलं असतं, कारण त्याचे सुटे भाग आणि जोडण्या आजही जास्त सहज मिळतात. पण मशीन समुद्रापार जाणार असेल तर हिशेब उलटा होतो.

आधी हे मशीन काय आहे ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. हान्स गोल्डश्मिट १९३७ मध्ये नाझी जर्मनीतून निघून अमेरिकेत आले आणि कॅलिफोर्नियात स्थायिक झाले. घरच्या छोट्या जागेत सगळी सुतारकामाची यंत्रं मावत नाहीत, तर मग एकाच मोटारीवर आणि एकाच बेडवर ती का बसवू नयेत, हा त्यांचा विचार. मॅग्ना इंजिनिअरिंग या कंपनीने ते मशीन बनवलं आणि १९४७ पासून माँटगोमेरी वॉर्ड या अमेरिकन साखळीच्या दुकानांमधून ते प्रत्यक्ष चालवून दाखवत विकलं. युद्धावरून परतलेली, नवी घरं घेतलेली पिढी हे त्याचं गिऱ्हाईक होतं. १०ईआर १९५३ च्या सुमारापर्यंत बनत राहिलं, मग मार्क ५ आलं. साठच्या दशकात धंदा बसला, आणि १९७२ मध्ये ओहायोतल्या डेटन शहराच्या परिसरात जॉन फोकर्थ यांनी मार्क ५ पुन्हा उभं केलं. पुढची कित्येक दशकं ते याच परिसरात बनत राहिलं. जुन्या मार्क ५ ला आज भाग मिळतात, त्याचं कारण हे पुनरुज्जीवन.

रचना अशी: दोन गोल पोलादी नळ्या समांतर, त्यांवर सरकणारा हेडस्टॉक, त्यांवरच सरकणारं टेबल. स्पिंडल ५/८ इंचाचं. त्यावर करवतीचं पातं बसवलं की टेबल सॉ, गोल तबकडी बसवली की डिस्क सँडर, केंद्र (लाकूड धरणारं टोक) बसवून समोर टेलस्टॉक, म्हणजे लाकडाचं दुसरं टोक धरणारा आधार, लावला की लेथ. ड्रिल चक बसवून टेबल समोर घेतलं की आडवं ड्रिल, आणि नळ्यांचा सांगाडा उभा केला की ड्रिल प्रेस. पाच कामं, एक स्पिंडल. म्हणूनच या मशीनचा जीव नळ्यांच्या सरळपणात आणि स्पिंडलच्या घट्टपणात आहे. या दोन गोष्टी ठीक असतील तर बाकी सगळं दुरुस्त होतं. या दोन बिघडलेल्या असतील तर मशीन फुकट मिळालं तरी ते फक्त भागांसाठी घ्यायचं.

पाचही कामं ते सारख्या दर्जाने करत नाही, हे मी स्पष्ट सांगतो. आडवं ड्रिल अप्रतिम. डॉवेलची (लाकडी खुंट्यांची) भोकं फळीच्या टोकाला पाडायला याच्यासारखं छोट्या वर्कशॉपमध्ये दुसरं काही नाही. ड्रिल प्रेस म्हणूनही उत्तम, कारण स्तंभापासून स्पिंडलचं अंतर भरपूर आहे. मार्क ५ वर साडेसोळा इंच व्यासाच्या तबकडीच्या मधोमध भोक पाडता येतं, आणि लेथवर तेवढ्याच व्यासाचं लाकूड फिरवता येतं. मात्र मार्क ५ चा सर्वांत कमी वेग मिनिटाला ७०० फेरे. साडेसोळा इंचाच्या ओबडधोबड ठोकळ्याची कड या वेगाला सेकंदाला १५ मीटरहून जास्त धावते, म्हणजे ताशी ५५ किलोमीटर. एवढा मोठा, तोल नसलेला ठोकळा त्यावर कधीही लावू नका. वेग कमी करणारी गिअरची जोडणी मिळाली तरच मोठे वाडगे कातायला घ्या. सर्वांत कमकुवत बाजू टेबल सॉची. टेबल छोटं, जमिनीपासून उंच, आणि तिरका काप घ्यायचा तर पातं कलत नाही, टेबल कलतं. लांब फळी उतारावरून घसरते, म्हणून फेन्स (फळी टेकवायची सरळ पट्टी) नेहमी उताराच्या खालच्या बाजूला लावायचं, म्हणजे फळी त्याला टेकून राहते.

आता पाहणी. इस्टेट सेलमध्ये घाई असते, तरी एवढं कराच. हेडस्टॉकचं लॉक सैल करून तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवा. गंजामुळे तो जड जाणं वेगळं आणि एका ठरावीक जागी अडणं वेगळं. अडत असेल तर नळी वाकलेली किंवा पोचे पडलेली असू शकते. त्या जागी लांब पट्टी धरून फट दिसते का बघा. पृष्ठभागावरचा लालसर गंज मला अजिबात घाबरवत नाही. खोल खड्डे पडलेला काळा गंज मात्र हेडस्टॉकच्या आतल्या पृष्ठभागाला वर्षानुवर्षं खरवडत राहतो.

मग क्विल पूर्ण बाहेर काढा, म्हणजे ड्रिलच्या हँडलने स्पिंडल पुढे येतं तो दंडगोल. स्पिंडलचं टोक धरून आडवं हलवा. हालचाल जाणवली तर ती बेअरिंगची आहे की क्विल आणि त्याच्या घराच्या मधली, हे ओळखायला हवं. एक बोट क्विल आणि हेडस्टॉकच्या सांध्यावर ठेवा आणि दुसऱ्या हाताने स्पिंडल हलवा. सांधा स्थिर आणि फक्त स्पिंडल हलतं, तर बेअरिंग गेलं. ते काही डॉलरचं काम. सांध्यातच हालचाल असेल तर घर झिजलंय, आणि ते नीट करणं परवडत नाही. जुन्या मार्क ५ च्या क्विलमध्ये एकच बेअरिंग असतं, दोन बेअरिंगचं क्विल नंतरच्या काळात आलं. त्यामुळे त्या जुन्या क्विलवर किंचित हालचाल जाणवली तर तेवढ्याने ते नापास करू नका.

कास्टिंगवर (ओतीव धातूच्या भागांवर) टॉर्च मारा. लॉकच्या बोल्टांभोवती आणि टेबलाखालच्या अर्धवर्तुळाकार आधारांवर बारीक तडे असतात. लोक लॉक पान्ह्याने आवळतात, त्याचे हे परिणाम. स्पिंडलवरची सपाट बाजू बघा. करवतीचा आर्बर (पातं स्पिंडलवर बसवणारा तुकडा), तबकडी, चक हे सगळं याच सपाट बाजूवर एका सेटस्क्रूने (आवळून धरणाऱ्या छोट्या स्क्रूने) धरलं जातं. तिथे खोल ओरखडे आणि बुरं (उठलेली धातूची कुसळं) असतील तर आधीच्या मालकाने स्क्रू सपाट बाजूवर नीट न बसवताच आवळला होता. कानशीने बुरं काढता येतं, पण स्पिंडल वाकलेलं नाही ना, हे फिरवून बघा.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जोडण्या मोजा. करवतीचा आर्बर, मायटर गेज (ठरावीक कोनात काप घ्यायला टेबलाच्या खाचेत सरकणारी पट्टी), फेन्स, तबकडी, चक, टेलस्टॉक, लेथचं टूल रेस्ट (हत्यार टेकवायचा आधार), दोन्ही केंद्रं, टेबलाची विस्तार पट्टी. १०ईआरच्या बाबतीत मी हे विशेष जोर देऊन सांगतो, कारण त्याचं फेन्स किंवा टूल रेस्ट वेगळं शोधायला निघालात तर किंमत मशीनच्या निम्म्यावर जाते आणि शोधण्यात महिने जातात. त्या घरात शेल्फवर, गॅरेजच्या कोपऱ्यात, खिळ्यांच्या डब्यात बघा आणि घरच्यांना विनंती करा. या वस्तू बहुतेक वेळा मशीनपासून दूर, भंगार म्हणून पडलेल्या असतात. सगळा संच मिळत असेल तर दीडशे डॉलर योग्य भाव आहे. फक्त मोटार आणि बेड असेल तर पन्नासवर या.

दुरुस्तीची सुरुवात फोटोंनी करा. प्रत्येक भाग काढण्याआधी आणि काढल्यावर एक फोटो, प्रत्येक स्क्रू-वॉशर वेगळ्या डबीत. शॉपस्मिथवरच्या बऱ्याच सेटस्क्रूंना ५/३२ इंचाची अ‍ॅलन की लागते. ती चांगल्या पोलादाची घ्या. झिजलेल्या कीने स्क्रूचं तोंड गोल झालं की पुढचा दिवस ते काढण्यात जातो. अडकलेल्या स्क्रूवर भेदक (फटीत झिरपणारं) तेल टाकून रात्रभर थांबा, मग आजूबाजूचं कास्टिंग हलकं गरम करा. हातोडा नको.

गंजासाठी नळ्यांवर रॉकेल किंवा पातळ तेल लावून बारीक घासणीने घासा. साठ नंबरचा पॉलिश पेपर आणि अँगल ग्राइंडर नळ्यांपासून लांब ठेवा. जिथे जास्त घासलं तिथे हेडस्टॉक पुढे कायम सैल बसतो. पोलादी किंवा बिडाचे भाग फार गंजले असतील तर विजेने गंज उतरवण्याची पद्धत उत्तम आहे. चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, बारा व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर, ऋण टोक गंजलेल्या भागाला आणि धन टोक टाकाऊ लोखंडाच्या पट्टीला. नळ्या लांब असतात, म्हणून एका बाजूने बंद केलेल्या पीव्हीसी पाइपात हा प्रयोग करता येतो. यात तीन पथ्यं कडक पाळा. स्टेनलेस स्टीलची पट्टी वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. अ‍ॅल्युमिनियमचा कोणताही भाग त्यात बुडवू नका, सोडा त्याला खातो. आणि हे काम उघड्यावर करा, कारण हायड्रोजन सुटतो. स्प्रिंगसुद्धा या पाण्यात टाकू नये, त्या ठिसूळ होतात.

साफ झालेल्या नळ्यांवर पेस्ट वॅक्सचे दोन हात द्या. तेल लावून सोडू नका. भुसा चिकटून त्याची लापशी होते आणि हेडस्टॉक पुन्हा अडतो. सिलिकॉनचे फवारेही टाळा, ते लाकडावर उतरतं आणि पुढे पॉलिश धरत नाही.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे: मूळ रंग जागेवर असेल तर तो राहू द्या. साबणाच्या पाण्याने धुवा, वॅक्स लावा, एवढं पुरे. सत्तर वर्षं वापरलेल्या हँडलची झीज आणि पुढच्या पाटीवरचा मळका रंग ही त्या मशीनची ओळख आहे, आणि ती एकदा खरवडली की परत येत नाही. मॉडेल आणि अनुक्रमांकाची पाटी रिव्हेट तोडून काढू नका, तिच्यावर चिकटपट्टी लावून काम करा. रंग पोपडे धरून निघतच असेल तर कोरडा घासू नका. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीचा रंग शिशाचा असेल असं धरूनच चाला. ओलं घासा, मास्क लावा, गाळ गोळा करा, आणि घरात लहान मुलं असतील तर हे काम घराबाहेरच करा.

बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा आणि दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं घ्या. बसवताना शाफ्टवर चढवत असाल तर जोर आतल्या कड्यावर, घरात बसवत असाल तर बाहेरच्या कड्यावर. उलट केलं तर गोळ्यांवर खुणा पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी घरघरायला लागतं. क्विल काढताना जपा: त्याला मागे ओढणारी गुंडाळी स्प्रिंग ताणलेली असते. ती डबी सैल करण्याआधी हातमोजे आणि चष्मा घाला, आणि ताण हळूहळू उतरवा.

वायरिंगमध्ये काटकसर नको. त्या काळच्या कापडी वेष्टणाच्या, दोन पिनांच्या वायरी हात लावताच तुटतात. नवी तीन तारांची केबल, अर्थिंग थेट मोटारीच्या अंगाला, आणि वीज जाऊन परत आली तरी आपोआप सुरू न होणारा स्विच. नाशिकला वीज जाते-येते, आणि पातं लावलेलं मशीन आपण टेबल पुसत असताना सुरू झालं तर काय होईल, याचा विचार करा.

यानंतर जुळवणी. लोक रंगावर आठवडे घालवतात आणि याला अर्धा तासही देत नाहीत, हे मला फार खटकतं. प्लग काढून ठेवा. पात्याच्या एका दातावर खूण करा, मायटर गेजच्या खाचेपासून त्या दाताचं अंतर पुढच्या बाजूला मोजा. मग तोच दात फिरवून मागे न्या आणि पुन्हा मोजा. एकच दात मोजायचा, म्हणजे पातं थोडं वाकडं असलं तरी चूक येत नाही. फरक ०.१ मिलिमीटरच्या आसपास आला पाहिजे. जास्त असेल तर टेबलाखालच्या आधारांचे बोल्ट सैल करून टेबल फिरवा. फेन्स त्यानंतर खाचेशी समांतर करा. मागच्या बाजूला तो पात्याकडे झुकला तर फळी चिमटीत सापडते आणि तुमच्या अंगावर येते. ड्रिल प्रेससाठी चकमध्ये काटकोनात वाकवलेली तार धरा आणि हाताने फिरवा; तारेचं टोक टेबलाला सगळीकडे सारखं टेकलं पाहिजे. लेथसाठी दोन्ही केंद्रांची टोकं एकमेकांजवळ आणून बघा.

गार्ड नसलेल्या करवतीवर काम करू नका. मूळ गार्ड मिळेपर्यंत मशीन बाकीच्या चार कामांसाठी वापरा. मूळ १०ईआरला आठ इंचांचं पातं असतं. त्यापेक्षा मोठं बसवायचा मोह धरू नका.

मार्क ५ च्या आरड्याओरड्याबद्दल थोडं सांगतो, कारण ते मशीन दुसरं कोणी तरी घेईलच. सुरुवातीच्या मार्क ५ मध्ये शेवटच्या टप्प्याला गिल्मर नावाचा दातेरी पट्टा होता आणि तो मोठा आवाज करतो. नंतर त्याजागी बारीक खाचांचा सपाट पॉली-व्ही पट्टा आला. गिल्मरचा आवाज हा बिघाड नाही. पण खडखडाट असेल तर वेग बदलणाऱ्या सरकत्या पुल्या कोरड्या पडल्यात. त्यांच्या शाफ्टवर पातळ तेलाचे थेंब टाकून, मशीन चालू ठेवून वेग वरखाली करा. मशीन बंद असताना वेगाची चकती कधीच फिरवायची नाही. पट्टा फिरत नसतो, पुल्या सरकू शकत नाहीत, आणि आतला दातेरी तुकडा तुटतो.

आता नाशिक. अमेरिकेत वीज सुमारे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. १७२५ फेऱ्यांची मोटार आपल्याकडे साधारण १४४० फेऱ्यांनी फिरते आणि त्याच व्होल्टेजवर जास्त तापते. म्हणून मूळ मोटार काढून जपून ठेवा, आणि तिकडे गेल्यावर अर्ध्या किंवा पाऊण हॉर्सपॉवरची, १४४० फेऱ्यांची एकफेज मोटार बसवा. आपल्याकडच्या वखारीतल्या रंधा मशिनांना मोटार बसवणारा कोणीही कारागीर हे करेल. वेग मूळइतका हवा तर मोटारीवरची पुली १.२ पट व्यासाची घ्या. फिरण्याची दिशा आधी तपासा: चकमध्ये ड्रिल लावून ते लाकडात शिरतं की नुसतं घासतं, ते बघा. उलटी असेल तर सुरुवातीच्या वाइंडिंगची दोन टोकं अदलाबदल केली की झालं. पॅकिंगसाठी लाकडी खोका वापरणार असाल तर त्याच्यावर उष्णता-प्रक्रियेचा आयएसपीएम-१५ शिक्का लागतो. तो नसेल तर माल बंदरात अडकतो. हेडस्टॉक, मोटार आणि नळ्या वेगवेगळ्या बांधा. नळ्यांना वॅक्सवर तेलकट कागद गुंडाळा, कारण समुद्राची हवा आठवड्यात गंज आणते.

शनिवारी सेलला जाणार असाल तर टॉर्च, लांब सरळ पट्टी आणि ५/३२ ची की बरोबर घ्या. जोडण्या एका चादरीवर मांडून फोटो काढा आणि मला पाठवा. फेन्स आणि टूल रेस्ट १०ईआरचंच आहे का, हे मी पैसे देण्याआधी बघून सांगतो.